गाडी बंद पडली, दोष कुणाचा?

आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक १३ ते १६



अठराव्या अध्यायात आपण हळूहळू पुढे सरकतोय. आजचे चार श्लोक तसे दुर्लक्षित आहेत. कीर्तनात फारसे येत नाहीत, पाठांतराच्या स्पर्धेतही मुलं ते भरभर म्हणून पुढे जातात. पण रोजच्या जगण्यात मला ते फार उपयोगाचे वाटतात.

भगवंत सांगतात की माणसाच्या हातून कोणतंही कर्म घडतं, मग ते योग्य असो वा अयोग्य, त्यामागे पाच कारणं असतात. अधिष्ठान म्हणजे कर्म जिथे घडतं ती जागा. कर्ता म्हणजे करणारा. करण म्हणजे साधनं. चेष्टा म्हणजे त्या साधनांच्या वेगवेगळ्या हालचाली. आणि पाचवं दैव. पुढे सोळाव्या श्लोकात ते म्हणतात की ही पाच कारणं असूनही जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो, त्याची बुद्धी अजून तयार झालेली नाही, त्याला नीट दिसत नाहीये.

आता यावर आजचा प्रश्न. घरात किंवा कामावर एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा बिघडते, तेव्हा आपण काय शोधतो, कारण की गुन्हेगार? आणि या दोन शोधांत फरक फक्त वेळ वाचण्याचा आहे, की तो धर्म-अधर्माचाही आहे?

हे तपासायला मी मुद्दाम एक साधं उदाहरण घेतोय: चालता चालता बंद पडणारी स्कूटर. आमच्या फुलपाड्यात हे उदाहरण समजावून सांगावं लागत नाही. जीवदानीच्या डोंगराचा पायथा, पापडखिंडीचं धरण, तिकडून विरार स्टेशनपर्यंतचे चढउतार, खड्डे आणि पावसाळ्यात तुंबलेलं पाणी. इथे निम्म्या घरांचा दिवस स्कूटरच्या बटणापासून सुरू होतो. सकाळची लोकल गाठायची असते आणि तेव्हाच गाडी आचके देऊन थांबते. मागच्या रिक्षाचा हॉर्न वाजायला लागतो. त्या क्षणी मनात पहिला विचार 'का?' असा नसतो, तो 'कुणामुळे?' असा असतो.

बिघाड एक, कारणं अनेक

पेट्रोलच्या इंजिनाला चालत राहायला मुख्यतः तीन गोष्टी लागतात. योग्य प्रमाणात पेट्रोल, योग्य प्रमाणात हवा आणि योग्य क्षणी ठिणगी. शिवाय आतला दाब टिकायला हवा. यातलं काहीही कमी पडलं की गाडी बंद. म्हणजे बाहेरून दिसतं ते एकच, 'गाडी बंद पडली'. आतलं कारण मात्र दहापैकी कुठलंही असू शकतं.

म्हणून चांगला मेकॅनिक आधी पाना उचलत नाही, आधी विचारतो. सकाळी थंड असताना बंद पडते की तापल्यावर? सिग्नलला उभी असताना की पळताना? पावसात की कोरड्यातही? पेट्रोल भरल्यावर की संपत आल्यावर? बंद पडल्यावर लगेच चालू होते की थोडं थांबावं लागतं?

प्रत्येक उत्तराला अर्थ असतो. उभी असतानाच बंद पडत असेल, तर आयडलिंगची सेटिंग बिघडलेली असेल किंवा कार्ब्युरेटरचा बारीक जेट कचऱ्याने तुंबलेला असेल. तापल्यावर बंद पडून थंड झाल्यावर चालू होत असेल, तर इग्निशन कॉइलवर संशय जातो. पावसातच त्रास होत असेल, तर प्लगच्या कॅपमध्ये ओल गेली असेल किंवा टाकीत पाणी उतरलं असेल. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाण्याला धरून ठेवतं. पाणी जास्त झालं तर ते दोन्ही मिळून खाली बसतात, आणि इंजिनाला पेट्रोलऐवजी तो तळाचा माल मिळतो.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले. त्यानंतरच्या स्कूटरमध्ये कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं, छोटा संगणक आला, बिघाड झाला की पेटणारा पिवळा दिवा आला. मी स्वतः सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे मला या दिव्याचं कौतुक आहे. पण तोही पूर्ण उत्तर देत नाही. मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय एवढं तो सांगेल. ते पंप थकल्यामुळे, फिल्टर तुंबल्यामुळे की कुठल्या फटीतून जादा हवा आत शिरल्यामुळे, हे माणसालाच शोधावं लागतं. दुखतंय कुठे हे कळलं म्हणजे दुखतंय का हे कळलं असं होत नाही.

तोडगा आणि कारण

आपल्या आधीच्या पिढीचं या बाबतीतलं शिक्षण चेतकवर झालं. बजाज ऑटोची ही स्कूटर १९७२ साली आली. महाराणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन आली आणि मध्यमवर्गीय घरातली जवळपास एक सदस्यच झाली. नंबर लावून लोक वर्षानुवर्षं वाट पाहायचे. ती चालू होईना की काय करायचं हे घरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असे. गाडी एका अंगाला वाकवायची, क्षणभर तशीच धरायची, सरळ करायची आणि किक मारायची. वाकवल्यामुळे कार्ब्युरेटरमधून थोडं जादा पेट्रोल पुढे जातं, मिश्रण घट्ट होतं आणि गाडी ठिणगी पकडते, असं त्याचं स्पष्टीकरण देतात. टू-स्ट्रोक इंजिन असल्यामुळे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, प्लगवर काजळी धरायची, म्हणून डिकीत प्लगचा पाना आणि पॉलिश पेपरचा तुकडा ठेवलेलाच असायचा.

हे तोडगे मला आवडतात. त्यांत यंत्राशी एक नातं होतं. आता बॅटरीवरची नवी चेतक २०२० मध्ये रस्त्यावर आली. तिला प्लगही नाही आणि कार्ब्युरेटरही नाही, तिला वाकवून काही उपयोग नाही. तोडग्याची मर्यादा इथेच कळते. ज्याला वाकवण्यामागचं कारण माहीत होतं, तो नव्या गाडीचंही कारण शोधेल. ज्याला फक्त वाकवणं माहीत होतं, तो नव्या गाडीपुढे हतबल होईल.

माणसांच्या बाबतीतही आपल्याकडे असाच एक झटपट तोडगा आहे. काही बिघडलं की जवळच्या एका माणसाकडे बोट दाखवायचं. त्याने जीव हलका होतो, चर्चा संपते आणि काहीतरी केल्यासारखं वाटतं. बिघाड मात्र जागच्या जागीच असतो.

एका वहिनींची गोष्ट

आमच्या भागातल्याच एका कुटुंबातली ही गोष्ट. दोघांना विचारून लिहितोय, म्हणून नाव-गाव काही देत नाही. वहिनी शाळेत शिकवतात, रोज स्कूटरने नालासोपाऱ्याकडे जातात. गाडी दहा-अकरा वर्षांची, कार्ब्युरेटरवाली. जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि गाडी वाटेत बंद पडायला लागली. दहा-बारा मिनिटं चालायची, मग आचके देऊन थांबायची. रस्त्याच्या कडेला थोडा वेळ उभं राहिलं की पुन्हा सुरू.

घरी त्यांनी सांगितलं. भाऊंनी गाडी काढली, फुलपाड्याच्या गल्लीतून दोन चकरा मारल्या. पाच मिनिटांत परत. गाडी मस्त. "मी चालवतो तेव्हा काहीच होत नाही. तुला अॅक्सिलेटर नीट धरता येत नाही, उगाच ब्रेक दाबून ठेवतेस." आमच्या धंद्यात याला एक प्रसिद्ध वाक्य आहे: 'माझ्या मशीनवर तर चालतंय.' ते वाक्य खोटं नसतं. पण ते सांगणाऱ्याची परिस्थिती आणि तक्रार करणाऱ्याची परिस्थिती एक नसते. बारा मिनिटांनी येणारा बिघाड पाच मिनिटांच्या चकरेत कसा दिसणार?

मग वहिनींनी आणखी एक गोष्ट सांगितली. "टाकी भरलेली असली की गाडी लवकर बंद पडते. अर्धी असली की जरा जास्त चालते." यावर घरात हसू झालं. पेट्रोल भरल्यावर गाडी जास्त बंद पडते? काहीही! सासूबाई म्हणाल्या, "मनात भीती बसलीये तिच्या." त्यानंतर वहिनींनी हा मुद्दा परत काढला नाही. त्या वीस मिनिटं आधी निघायला लागल्या. मुसळधार पावसाच्या दिवशी रिक्षा करायला लागल्या. जेवणावर विषय निघाला की मान खाली घालून भात कालवत राहायच्या. दरम्यान प्लग बदलून झाला, एअर फिल्टर बदलून झाला, कार्ब्युरेटर दोनदा साफ करून झाला. गाडी तशीच. आणि प्रत्येक खर्चानंतर 'तुला चालवता येत नाही' हे वाक्य जास्त खरं वाटायला लागलं. सगळं तर बदललं, मग आता राहिलं कोण?

शेवटी ते दोघं ज्या गॅरेजवर गेले, तिथे त्या दिवशी मीही माझ्या गाडीचं ऑइल बदलायला बसलो होतो. मेकॅनिक पंचविशीतला मुलगा. त्याने विचारलं, "काय होतं?" भाऊ सांगायला लागले. त्याने मध्येच विचारलं, "दादा, रोज चालवतं कोण?" "ही." "मग वहिनींना बोलू द्या ना."

वहिनी आधी बिचकल्या. मग त्यांनी सगळं सांगितलं, टाकीचंही. यावर तो हसला नाही. हातातलं फडकं खाली ठेवून त्याने पुन्हा विचारलं, "भरलेली असताना लवकर? नक्की?" "नक्की." "कधीपासून?" "जूनपासून." "जूनमध्ये गाडीत काय बदललं?" दोघंही एकदम म्हणाले, "काहीच नाही."

त्याने सीट उघडली, पेट्रोलच्या झाकणाला हात घातला आणि किंचित फिरवलं. 'फुस्स' असा आवाज आला, हवा आत ओढल्याचा. झाकणाखाली प्लास्टिकच्या पिशवीचा एक तुकडा घट्ट बसवलेला होता.

तो तुकडा भाऊंनीच बसवला होता. आदल्या पावसाळ्यात टाकीत पाणी गेलं होतं, गाडी ढकलत आणावी लागली होती. बायकोला पुन्हा असा त्रास नको म्हणून त्यांनी काळजीने पिशवी कापून झाकणाखाली लावली आणि वहिनींना बजावलं होतं, पेट्रोल भरलं की ती आठवणीने परत लाव. वहिनी प्रत्येक वेळी आठवणीने लावत होत्या.

टाकीतलं पेट्रोल कमी होतं तसं त्याची जागा घ्यायला बाहेरची हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणात बारीक छिद्र ठेवलेलं असतं. पिशवीने ते बंद झालं. पेट्रोल खाली उतरत गेलं तसा टाकीतला दाब कमी होत गेला, आणि एका क्षणी पेट्रोल यायचंच थांबलं. थोडा वेळ उभं राहिलं की फटीतून हळूहळू हवा शिरायची आणि गाडी पुन्हा चालू. टाकी भरलेली असली की वर हवेची जागा थोडी, म्हणून दाब लवकर घसरायचा. अर्ध्या टाकीत हवेची जागा जास्त, म्हणून उशिरा. ज्या वाक्यावर घर हसलं होतं, तेच वाक्य सगळ्यांत अचूक होतं.

पोरगा भाऊंना म्हणाला, "वहिनींनी हे सांगितलं नसतं, तर मी पण तिसऱ्यांदा कार्ब्युरेटर खोलून बसलो असतो."

पैसे त्याने घेतले नाहीत. तुकडा काढून हातात दिला.

पाच ठिकाणी पाहणं

आता आपल्या श्लोकांकडे वळू. मूळ विवेचन माणसाच्या कर्माबद्दल आहे. शंकराचार्य आणि ज्ञानेश्वर माउली दोघांनीही अधिष्ठान म्हणजे देह असाच अर्थ घेतला आहे. मी ते स्कूटरला लावतोय ते फक्त आपल्या रोजच्या सरावासाठी, भाष्य म्हणून नव्हे.

अधिष्ठान म्हणजे ती अकरा वर्षांची गाडी, तिची टाकी, तिचं झाकण. कर्ता म्हणजे चालवणाऱ्या वहिनी. पण पिशवी लावणारे भाऊही कर्तेच. करण म्हणजे कार्ब्युरेटर, प्लग, नळी आणि तो पिशवीचा तुकडासुद्धा. चेष्टा म्हणजे पेट्रोलचं उतरणं, हवेचं येणं, दाबाचं कमी-जास्त होणं. आणि दैव?

'दैव' म्हटलं की आपण नशीब म्हणून कपाळावर हात मारतो. आचार्यांनी इथे दैव म्हणजे इंद्रियांना बळ देणाऱ्या देवता असा अर्थ दिला आहे. डोळ्यामागे सूर्य, तसं. माउलींनीही याच अंगाने विस्तार केला आहे. मला यात एक मोठं शहाणपण दिसतं. डोळा कितीही चांगला असला तरी उजेड नसेल तर दिसत नाही, आणि उजेड डोळ्याच्या मालकीचा नाही. आपल्या प्रत्येक कामाला कुठून तरी बाहेरून साथ मिळत असते, ऊन-वारा-पाण्याची. इंजिनाला बाहेरची हवा लागते. ती आत यायला बोटाएवढीही वाट लागत नाही, सुईएवढं छिद्र पुरतं. पण ते छिद्र बुजलं की टाकीभर पेट्रोल असून गाडी उपाशी.

या घरात पाचपैकी किती ठिकाणी पाहिलं गेलं? साधनं तपासली, पैसे खर्च केले. ते झाल्यावर थेट कर्त्याकडे बोट. पिशवी सगळ्यांना दिसत होती, कारण पेट्रोल भरताना प्रत्येक वेळी ती काढावी लागत होती. पण कारणांच्या यादीत ती कुणी धरलीच नाही, कारण ती काळजीपोटी लावलेली होती. काळजीतून केलेली गोष्ट बिघाडाचं कारण असू शकते हे आपल्या मनाला सुचतच नाही. म्हणून 'काय बदललं?' या प्रश्नाला दोघांनीही मनापासून 'काहीच नाही' असं उत्तर दिलं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे उत्तर रोज ऐकायला मिळतं.

आणखी एक गोष्ट. सोळावा श्लोक अहंकाराबद्दल आहे, 'मीच करणारा' या समजुतीबद्दल. पण ही समजूत नाण्यासारखी दोन बाजूंची आहे. गाडी चांगली चालते तेव्हा 'मी सर्व्हिसिंग वेळेवर करतो ना!' आणि बंद पडते तेव्हा 'तुला चालवता येत नाही.' पहिल्या वाक्यात एकटा मी कर्ता, दुसऱ्या वाक्यात एकटी ती कर्ती. चूक दोन्हीकडे तीच. पाच कारणं पुसून टाकून एकच नाव लिहिलं. आपण अहंकार म्हणजे स्वतःला मोठं समजणं एवढंच धरतो. पण दुसऱ्याला एकट्यालाच दोषाचा कर्ता ठरवणं हेही त्याच आंधळेपणाचं पोर आहे, हे या श्लोकावर विचार करताना मला जाणवलं.

मग जबाबदारी कुणाचीच नाही का?

इथे एक रास्त शंका येते. पाच-पाच कारणं म्हटलं की प्रत्येकाला सुटायला वाट मिळते. उद्या एखाद्याने न बदललेल्या पार्टचे पैसे घेतले, आणि पकडल्यावर म्हणाला, 'मी कोण? पाचातला एक!' तर?

तर त्याला दोन गोष्टी सांगता येतील. पहिली ही की भगवंतांनी यादीतून कर्ता काढलेला नाही. पाचात त्याचं स्थान आहेच. 'केवळ' कर्ताच पाहू नका असं सांगितलंय, कर्त्याकडे डोळेझाक करा असं नाही. दुसरी ही की याच अध्यायात पुढे सात्त्विक, राजस आणि तामस असे कर्त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि तामस कर्त्याच्या लक्षणांत लबाडी आहे. कर्त्याला काहीच महत्त्व नसतं, तर हे प्रकार कशाला केले असते? न जाणता पिशवी लावणारा आणि जाणूनबुजून फसवणारा यांना गीता एका मापाने मोजत नाही.

मला वाटतं, दोष आणि जबाबदारी हे दोन वेगळे शब्द आहेत आणि आपण ते एकत्र कालवतो. दोष मागे पाहतो: कुणामुळे झालं? जबाबदारी पुढे पाहते: आता कोण काय करू शकतं? दोष एकाच्या माथी मारला की बाकीचे मोकळे होतात. जबाबदारी मात्र वाटून घेता येते.

जगातल्या काही गंभीर क्षेत्रांनी हे फार किंमत मोजून शिकलंय. विमान अपघाताच्या तपासाचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, १९४४ च्या शिकागो कराराचं परिशिष्ट १३, त्यात तपासाचा एकमेव हेतू पुढचे अपघात टाळणं हा आहे, दोष ठरवणं नाही, असं स्पष्ट म्हटलं आहे. गुन्हा असेल तर त्याची चौकशी वेगळी होते. कारण सरळ आहे. जिथे बोट दाखवलं जातं, तिथे माणसं खरं सांगायचं थांबतात. आमच्या क्षेत्रातही मोठा बिघाड झाल्यावर 'ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम' करायची पद्धत आहे, म्हणजे दोष न लावता केलेली चिकित्सा. टोयोटाच्या कारखान्यातून आलेली 'पाच वेळा का विचारा' ही पद्धतही बऱ्याच जणांना माहीत असेल. ती चांगली आहे, पण ती एका सरळ रेषेत खोल जाते. गीतेची पाच कारणं आडवी पसरतात, खोल जाण्याआधी चारी बाजूंनी पाहायला लावतात. पहिला 'का' चुकीच्या माणसाला विचारला, तर पुढचे चार चुकीच्याच दिशेने खणत जातात.

ऐकून घेणं हेही साधन

वहिनींकडे शेवटी सांगायचं धाडसच उरलं नव्हतं. बिघाडाचं उत्तर घरातच होतं, रोज जेवणाच्या ताटावर बसत होतं, आणि ते गप्प झालं होतं. म्हणून कुणावर दोष टाकण्यातलं पाप फक्त त्या माणसाला दुखावण्यापुरतं नाही. आपण सत्याची एक वाटच बुजवतो. झाकणावरच्या त्या छिद्रासारखी.

पहिला अध्याय आठवा. अर्जुनाने रथ दोन्ही सैन्यांच्या मध्ये उभा करायला सांगितला. रथ ठीक होता, घोडे ठीक होते, आत बसलेला माणूस बंद पडला. हात थरथरतायत, अंग जळतंय, धनुष्य गळतंय, सगळी लक्षणं तो सांगतोय. त्या पूर्ण अध्यायात श्रीकृष्णांच्या तोंडी एकच छोटं वाक्य आहे. बाकी ते ऐकतायत. दुसऱ्या अध्यायात ते त्याला दोन शब्द कडक बोलतात हे खरं, पण ते सगळं ऐकून झाल्यावर. आणि त्यानंतरही त्याला परत बोलू देतात. उपदेश सुरू होतो तो त्याचं बोलणं संपल्यावर. सारथ्याचं काम फक्त लगाम धरण्याचं नाही, आतल्या माणसाचं ऐकण्याचंही आहे, एवढं मी यातून घेतलं.

आणि शेवटचा मुद्दा. गाडी दुरुस्त झाली म्हणजे सगळं दुरुस्त होत नाही. तीन महिने जे बोललं गेलं, त्याचं काय? त्या मेकॅनिक मुलाने एका वाक्यात वहिनींचं श्रेय त्यांना परत दिलं, तेही ज्यांच्यासमोर द्यायला हवं होतं त्यांच्यासमोर. त्याला गीता पाठ असेल-नसेल, मला माहीत नाही. पण ज्याच्यावर चुकीचा दोष ठेवला गेला, त्याला 'तुझं बरोबर होतं' हे उघडपणे सांगणं, हा दुरुस्तीचाच भाग आहे. आपल्या घरांत हेच सर्वांत कमी होतं. बिघाड सापडला की आपण हसून विषय बदलतो. दोष चारचौघांत लावतो आणि मागे घेताना मनातल्या मनात घेतो.

आजचा सराव

मंडळी, आज दिवसभरात काहीतरी बिघडेलच. दूध उतू जाईल, लोकल चुकेल, मुलाचे मार्क कमी येतील, कुणाचा तरी रिपोर्ट वेळेवर होणार नाही. 'तुझ्यामुळे' हा शब्द ओठांवर येईल तेव्हा फक्त पाच गोष्टी मनात मोजू या. जागा कशी होती? करणाऱ्याची अवस्था काय होती? साधनं धड होती का? प्रत्यक्षात काय क्रमाने घडलं? आणि आपल्या कुणाच्याच हातात नसलेलं काय होतं? यातल्या एकाचं तरी उत्तर त्या माणसालाच विचारू, आणि तो बोलत असताना मध्ये बोलणार नाही.

आणि गाडी बंद पडत असेल, तर कुणावर चिडण्याआधी एकदा पेट्रोलचं झाकण उघडून पाहा. आवाज आला तर समजा.

हे प्रभो, दिसतं त्यापलीकडचं पाहायची बुद्धी दे. आणि आमच्या घरात ज्याचं कुणी ऐकत नाही, त्याचं ऐकायला आम्हाला थोडं थांबव.

उद्या सतराव्या श्लोकावर बोलू. तो कठीण आहे, सावकाश घेऊ.

रामकृष्ण हरि.